मुलग्याला गुलाबी रेनकोट घातला तर निसर्गाचं काय बिघडतं?

खाडीकाठचा (दापोली)

कालच्या पोस्टवर कमेंटच टाकणार होतो पण ती एवढी लांबायला लागली की म्हटलं वेगळा धागाच काढू. ज्यांनी वाचली नसेल त्यांच्यासाठी, दाभोळवाले साहेब लिहितात की शाळा सुटताना त्यांना एक मुलगा गुलाबी रेनकोटात दिसला, असल्या आईबापांना लाज वाटायला हवी, गुलाबी मुलींचा आणि निळा मुलग्यांचा हे निसर्गाने ठरवलंय, आदिमानवाच्या बायका रानात पिकलेली लाल फळं हुडकत फिरायच्या म्हणून तो रंग त्यांच्या डोळ्यात बसला, 'विज्ञानाने सिद्ध झालंय', आणि वर आपली संस्कृतीही हेच सांगते. खाली अंगठ्यांचा नुसता पाऊस.

आधी विज्ञान. ते फळांचं प्रकरण २००७ सालचं. न्यूकॅसल विद्यापीठातल्या दोन संशोधकांनी काही ब्रिटिश आणि काही चिनी लोकांना कॉम्प्युटरवर रंगांच्या जोड्या दाखवल्या आणि यातला कुठला आवडतो ते विचारलं. निळ्याकडे ओढा बायका आणि पुरुष दोघांचाही निघाला, बायकांचा कल त्यातल्या त्यात जरा लालसर बाजूला. झालं एवढंच. फळं तोडायची गोष्ट ही त्यांनी शेवटी सुचवलेली एक शक्यता, कोणी आदिमानवाच्या मागोमाग रानात गेलं नव्हतं. आणि रानातली फळं पाहून रंग आवडत असतील तर आपल्याकडे करवंद काळं, जांभूळ जांभळं, फणस पिकला तरी वरून हिरवट, मग कोकणातल्या बायकांना काळं पातळ सगळ्यात जास्त आवडायला हवं. आवडतं का? सवाष्णीच्या ओटीत काळा खण घालून बघा.

आता संस्कृती. शिमग्याला पालखी नाचवताना गुलालात माखलेले असतात ते कोण? लग्नात गुलाबी फेटा कोण बांधतं? ग्रामपंचायत जिंकल्यावर गुलाल उधळत कोण नाचतं? आणि बाळाचं म्हणाल तर आमच्या आजीच्या वेळी तान्ह्या बाळाला कोरं कापड लावायचेच नाहीत. जुनं लुगडं धुऊन धुऊन मऊ झालेलं, त्याचीच दुपटी आणि त्याचंच झबलं. लुगडं ज्या रंगाचं बाळ त्या रंगाचं, मुलगा असो की मुलगी. जावळ काढेपर्यंत मुलग्यांच्या वेण्या घालायचे, फ्रॉक घालून फोटो काढायचे. साहेबांचाही असेल घरी, आईला विचारा, ट्रंकेत सापडेल.

गोऱ्या साहेबाच्या तिकडच्या लोकांचंही तेच होतं. फ्रँकलिन रूझवेल्टचा १८८४ चा फोटो आहे, अडीच वर्षांचा असेल, पांढरा झगा आणि खांद्यापर्यंत केस. पुढे चारदा अमेरिकेचा अध्यक्ष झाला, झग्याने काही अडलं नाही. पांढरं का, तर लहान पोरांचे कपडे उकळून धुवावे लागायचे, रंग टिकणार कुठे. मग पक्के रंग आले, तयार कपडे आले आणि दुकानदाराच्या लक्षात आलं की ताईचं झबलं भावाला चाललं तर आपला धंदा बसला. १९१८ ला अमेरिकेतल्या मुलांच्या कपड्यांच्या धंद्याचं एक मासिक चक्क सांगत होतं की गुलाबी मुलग्यांना द्या कारण तो ठसठशीत रंग, आणि निळा नाजूक म्हणून मुलींना. तेव्हा निसर्ग काय रजेवर होता?

दाभोळवाला

सर, तुम्ही वर्गात बोलायचात तसंच इथे बोलताय, समोरच्याला बोलू द्यायचंच नाही. मी एक साधी पोस्ट टाकली होती, तुम्ही माझ्या आईच्या ट्रंकेपर्यंत पोचलात.

माझी मुलगी दोन वर्षांची असल्यापासून गुलाबीशिवाय हात लावत नाही. आम्ही कोणी शिकवलं नाही. तिच्या मोठ्या भावाचे निळे, राखाडी शर्ट घातले तर ओरडून घर डोक्यावर घ्यायची. हे कुठल्या दुकानदाराने केलं? आणि गुलाल म्हणजे गुलाल, गुलाबी कपडा म्हणजे गुलाबी कपडा, उगाच शब्द फिरवू नका. सरकारसुद्धा बायकांसाठी रिक्षा काढते ती 'पिंक ई-रिक्षा'. सगळे मूर्ख आणि तुम्ही एकटे शहाणे का?

शिवणवाली (रत्नागिरी)

दाभोळवाले, शब्द कोण फिरवतंय. माझ्याकडे स्नेहसंमेलनाच्या नाचाचे कुडते शिवायला आले होते, बाईंनी कापडच राणी रंगाचं दिलेलं. एका मुलाचे वडील तो कुडता परत घेऊन आले, 'हा रंग आमच्याकडे चालणार नाही'. दोनच महिन्यांनी त्यांच्या भावाच्या लग्नाचे फोटो बघितले तर हेच गृहस्थ राणी रंगाचा फेटा बांधून वरातीत सगळ्यात पुढे. डोक्यावर चालतो, अंगावर चालत नाही, असं काही निसर्गात असतं का हो?

पुस्तकी किडा

दोन्ही बाजूंना थोडं थोडं.

दाभोळवाले, तुमच्या मुलीचा अनुभव खोटा नाही. २०११ मध्ये लोब्यू आणि डीलोश यांचा अभ्यास आला, सात महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंतच्या मुलांपुढे वस्तूंच्या जोड्या ठेवल्या, प्रत्येक जोडीत एक गुलाबी. अगदी लहान मुलांमध्ये मुलगा मुलगी फरक नाही. दोनच्या आसपास मुली गुलाबी जास्त उचलायला लागतात आणि मुलगे उलट त्यापासून लांब जायला लागतात. म्हणजे नेमकं ते वय जेव्हा पोराला कळायला लागतं की मी मुलगा की मुलगी. जन्मजात असतं तर आधी दिसलं असतं.

पण सर, तुमचं १९१८ चं उदाहरण पण फार ताणू नका. 'आधी सगळं उलट होतं, मग पालटलं' ही गोष्ट नेटवर सगळीकडे फिरते, तेवढी ती सरळ नाहीये. देल ज्यूदिचे नावाच्या संशोधकाने २०१२ मध्ये जुनी इंग्रजी पुस्तकं चाळून दाखवलं की मुलग्याला निळा, मुलीला गुलाबी असे उल्लेख त्या काळातही भरपूर आहेत, उलटे उल्लेखच थोडे. १८६९ च्या एका गाजलेल्या अमेरिकन कादंबरीत जुळ्यांना ओळखायला मुलाला निळी फीत आणि मुलीला गुलाबी बांधतात, आणि ही फ्रेंच पद्धत आहे असंही तिथे म्हटलंय. १९२७ ला बेल्जियमच्या राजघराण्यात मुलगी झाली, पाळणा मात्र मुलगा होईल या आशेने गुलाबी सजवलेला. त्यावर टाइम साप्ताहिकाने अमेरिकेतल्या मोठ्या दुकानांना विचारलं, तर काही म्हणाली मुलग्याला गुलाबी, काही म्हणाली मुलीला. म्हणजे पालटलं वगैरे काही नाही, गोंधळ होता. पक्कं झालं ते नंतर, दुसऱ्या महायुद्धानंतर.

खाडीकाठचा

गोंधळ होता म्हणजे निसर्गाने ठरवलेलं नव्हतं, माझं म्हणणं तेच आहे, तुम्ही फक्त पाच ओळी जास्त घेतल्यात.

पुस्तकी किडा

'आधी उलट होतं' आणि 'आधी ठरलेलं नव्हतं' यात फरक आहे सर. पेपर तपासताना तुम्ही याचेच मार्क कापायचात.

वेंगुर्ल्याचो झील

माका एक सांगा, दशावतारात आमचे बापये पातळां नेसतत, तोंडाक गुलाबी रंग लावतत, रात्रभर राणी होवन रडतत आणि सकाळी घराकडे येवन गुरांका चारो घालतत. त्येंका बायकी म्हणाक दाभोळवालो येतलो काय वेंगुर्ल्याक? येताना हेल्मेट घालून यावा. आणि सोलकढी गुलाबी असता ती काय फक्त बायलांनी पियाची?

दाभोळवाला

नाटक वेगळं, रोजचं वेगळं. आमच्याकडे शिमग्यात राधा होतो तो मुलगापण पालखी देवळात गेली की लुगडं सोडून पँट घालतो. लुगड्यात शाळेत जात नाही.

बाजारपेठ चिपळूण

दुकानदार दुकानदार चाललंय म्हणून बोलतो. आमच्या तीन पिढ्या कपड्याच्या धंद्यात. रंग आम्ही ठरवत नाही, माल मुंबईहून येतो तो सेटमध्ये, तान्ह्या बाळाचे दहा सेट घेतले तर चार गुलाबी, चार निळे, दोन पिवळे, आणि ते दोन पिवळे पुढच्या वर्षीपर्यंत माझ्या डोक्यावर. बारशाला आत्या येते, दारातूनच विचारते 'मुलगीचं दाखवा'. मी हौसेने अबोली दाखवला, मोरपिशी दाखवला, सगळं उलगडून झालं की म्हणते गुलाबी नाही का. बाळंतपणाच्या आधी घेणारे मात्र हिरवा पांढरा नेतात, कारण आपल्याकडे १९९४ च्या कायद्याने आधी कळायची सोयच नाही. अमेरिकेत सोनोग्राफीत कळतं म्हणून तिकडे आधीच खोली रंगवून ठेवतात. इकडे हल्ली डोहाळेजेवणाला गुलाबी निळे फुगे दोन्ही लावतात, रिसॉर्टवाले पॅकेजच देतात, हिरव्या साडीच्या मागे ते फुगे कसे दिसतात ते देवालाच ठाऊक.

आणि आता कोणी म्हणेल ऑनलाइन सगळे रंग मिळतात. मिळतात ना. २०२१ च्या जुलैत वाशिष्ठी दुकानात शिरली तेव्हा गुलाबी, निळं, पिवळं सगळं एकाच चिखलाच्या रंगाचं झालं होतं, तेव्हा ऑनलाइनवाला आला नव्हता फावडं घेऊन. उधारीवर शाळेचे गणवेश आम्हीच दिले. आता तेच लोक दुकानात येऊन माप बघतात, फोटो काढतात आणि घरी जाऊन मोबाइलवर मागवतात.

शिवणवाली (रत्नागिरी)

दादा, बाकी पटलं पण मापं बघून जातात याचं दुःख शिंप्याला सांगू नका, आमचं तर दुकानच तयार कपड्यांनी खाल्लंय, म्हणजे तुम्हीच.

मंडणगडकर

इतका वेळ वाचतोय. निळा मुलग्यांचा म्हणे. १४ एप्रिलला आंबडव्याला या एकदा, बाबासाहेबांचं मूळ गाव आमच्या तालुक्यात आहे हे विसरला नसाल तर. म्हाताऱ्या बायका, कडेवरच्या पोरी, सगळ्यांच्या हातात निळं, कपाळाला निळं. आमच्या घरात निळा हा मुलग्याचा रंग आहे असं कोणी म्हटलं तर माझी आई त्याला घराबाहेर काढेल. आणि लोक पांढरा विधवेचा म्हणतात, १९५६ ला नागपूरला दीक्षेला लाखो लोक पांढऱ्यात होते. आमच्याकडे लग्नात नवरी पांढऱ्या साडीत उभी राहते, त्यावर नाक मुरडणारे पण याच ग्रुपमध्ये आहेत, नावं घेत नाही.

दाभोळवाला

साहेब, हे मात्र बरोबर. मी त्या अर्थाने निळा म्हटलं नव्हतं.

मंडणगडकर

कुठल्या अर्थाने म्हटलं होतं ते सगळ्यांनी वाचलंय.

गुहागरची आजी

मी ७८ वर्षांची आहे, नातू टाइप करून देतोय, चुकलं तर त्याचं.

मास्तर, तुम्ही म्हणता आपल्याकडे रंगाला बाई-पुरुष नव्हतं. हे तुम्हाला पुरुष म्हणून सुचलं. बाळाला नसेल, पण बाईला जन्मभर रंग नेमून दिलेले होते. लग्न ठरलं, हिरवा चुडा. दिवस गेले, हिरवी साडी. नवरा गेला की चुडा फोडा, कुंकू पुसा. तुम्हा सगळ्यांना विधवा म्हटलं की पांढरंच आठवतं, आमच्या ब्राह्मण घरांत सोवळ्या बायका लाल आलवण नेसायच्या. लाल! कुंकवाचा तोच लाल रंग, सवाष्णीला शुभ आणि हिच्या अंगावर दिसला की लोक रस्ता बदलायचे. माझी आत्या होती तशी. तिच्या आवडीचा रंग कुठला ते कोणी विचारलं नाही, मीही नाही. दापोलीजवळच्या मुरुडच्या कर्व्यांनी १८९३ ला एका विधवेशी लग्न केलं तर गावाने त्यांना वाळीत टाकलं, ते तुमचंच मुरुड, मास्तर. पुरुषाच्या कपड्यावरून त्याची बायको जिवंत आहे की नाही ते ओळखून दाखवा बघू. रूझवेल्टचा झगा राहू दे बाजूला.

खाडीकाठचा

आजी, तुमच्यापुढे काय बोलणार. पण मी बाळाबद्दल बोलत होतो हो.

गुहागरची आजी

बाळाचीच बाई होते.

चाकरमानी डोंबिवली

रंगाचा विषय निघालाच आहे तर मला एक सांगा, गावाकडे घरांना जे रंग द्यायला लागलेत त्याचं काय करायचं? जांभ्याच्या चिऱ्यांचं घर, वर कौलं, दारात तुळस, यासारखं देखणं घर जगात नाही, आणि त्याला गिलावा करून वर पोपटी, गुलाबी, जांभळं काहीही फासतात. आमच्या आजोबांचं घर, सामायिक आहे, होळीला गेलो तर लांबूनच दिसलं, अख्खी दर्शनी भिंत गुलाबी! ब्यूटी पार्लर वाटतंय. मला विचारायचं सोडा, कळवलंसुद्धा नाही. मुंबईकर वर्गणी द्यायला चालतो, रंग विचारायला चालत नाही.

वेंगुर्ल्याचो झील

इलो चाकरमानी! आता सगळा बाजूक ऱ्हवला.

शिवणवाली (रत्नागिरी)

चिरा उघडा छान दिसतो तो रिसॉर्टमध्ये, तिकडे दरवर्षी पॉलिश मारायला माणसं असतात. आमच्या घरात पावसाळ्यात चिऱ्यातून पाणी झिरपून कपाटातल्या साड्यांना बुरशी आली तेव्हा गिलावा केला. तुम्ही दोनदा येता, गणपती आणि शिमगा. मधले पावसाचे चार महिने त्या घरात काढून बघा मग देखणेपणावर बोलू.

चाकरमानी डोंबिवली

गिलाव्याला नाही म्हणत मी, चुना लावा ना, आजोबा दिवाळीच्या आधी दरवर्षी चुना काढायचे. पांढरं शुभ्र घर. गुलाबी कशाला? घराला काही भारदस्तपणा नको?

खाडीकाठचा

हा बघा, आता घरसुद्धा बायकी व्हायला लागलं.

बाजारपेठ चिपळूण

चुना कोण काढणार? चुन्याला माणूस लावा, दिवसाची मजुरी द्या, आणि पहिल्याच पावसात खालचा हातभर भाग लाल मातीच्या शिंतोड्यांनी परत तांबडा. माझ्या शेजारी रंगाचं दुकान आहे, तो म्हणतो मुंबईकर फोनवर 'ऑफ व्हाइट' सांगतात आणि गाववाले दुसऱ्या वर्षी येऊन गडद काहीतरी नेतात, शेवाळ दिसत नाही म्हणून.

चाकरमानी डोंबिवली

शेवाळ हिरवं असतं, गुलाबीवर जास्त दिसेल. काहीपण समर्थन करायचं.

ॲडमिन

विषयावर या. धागा मुलग्यांच्या कपड्यांचा आहे, घरांसाठी वेगळा काढा.

दाभोळवाला

ॲडमिन साहेब, चालू द्या, पहिल्यांदाच माझ्यावरून लक्ष हटलंय. पण चाकरमानी बरोबर बोलतायत, घर कसं घरासारखं दिसायला हवं.

वाडीतला

दादा, तू हे इथे लिहितोयस? दीडशे माणसं आहेत या ग्रुपमध्ये, अर्धी आपल्याच वाडीतली. ब्यूटी पार्लर कोणाला म्हणतोस?

शिमग्याच्या आधी मी तुला फोन केला होता, रंग काढायचाय, कुठला देऊ? तू म्हणालास मीटिंगमध्ये आहे, काय द्यायचा तो द्या. मग आईने निवडला. दुकानात स्वतः आली, शेड कार्ड घेऊन बाकड्यावर बसली, तासभर पानं उलटली. बाबा गेल्यापासून तिला नेसायला जमलं नाही ते भिंतीला लावलंन, तुला काय त्रास होतोय? वर्गणीचं म्हणशील तर कौलं बदलली त्याची तुझी अजून यायचीय, तेही इथेच लिहू का?

गुहागरची आजी

लिहू नकोस रे बाळा. पण आईला सांग, रंग चांगला निवडलास.

चाकरमानी डोंबिवली

काकीने निवडला हे मला कोणी सांगितलं का? मला वाटलं तू कुठून तरी उरलेला स्वस्तातला डबा आणलास, तुझी ती सवय आहेच. काकीचा असेल तर राहू दे गुलाबी. आता काढला तर मीच गावात वाईट. कौलांचे पैसे पाठवतो, आजच पाठवतो, झालं?

शिवणवाली (रत्नागिरी)

बघा, काकीचा म्हटल्यावर भारदस्त झाला.

दाभोळवाला

सर, रूझवेल्ट मी शोधून बघितला. झगा आहे, मान्य. पण हॅटपण आहे हातात, पिसं लावलेली. असलं काही आमच्या शाळेत चालणार नाही. रेनकोट एक वेळ चालेल, पावसात कोण बघतंय. आमच्या आजोबांच्या वेळी बायका पुरुष सगळे इरलं घेऊनच लावणीला उतरायचे, त्याला कसला आलाय रंग. पण निळा मिळत असताना गुलाबी मुद्दाम घेणं हे मला अजूनही पटलेलं नाही आणि पटणार नाही.

खाडीकाठचा

'एक वेळ चालेल' याचा स्क्रीनशॉट घेतलाय.

पुस्तकी किडा

मुद्दाम घेतला असेल असं कशावरून? मोठ्या बहिणीचा असेल. एवढं रामायण झालं पण त्या पोराला कोणी विचारलं नाही.

बाजारपेठ चिपळूण

लहान मापाचे निळे जूनच्या पहिल्या आठवड्यातच संपतात दरवर्षी. उरतात ते गुलाबीच. हवे असतील तर सांगा, दाभोळला पाठवतो.

चाकरमानी डोंबिवली

पैसे पाठवलेत. पण ए, भिंत काकीने निवडली, मग खाली चौथऱ्याला तो जांभळा पट्टा कोणी मारला?

वाडीतला

तो मी मारला. मातीचे शिंतोडे उडतात म्हणून. गेरू दोन पावसात जातो. बघवत नसेल तर गणपतीत येताना ब्रश घेऊन ये, शिडी आपल्याकडे आहे.

चाकरमानी डोंबिवली

चौथऱ्याला शिडी कशाला लागते?

वाडीतला

तुला लागेल, आता खाली वाकवत नाही ना.